आडवाटेचा खेळ

आमटीचा पहिला भुरका मारला आणि रंगराव खोतांच्या गळ्यातून खणखणीत आवाज निघाला, "वा रे वा! काय ती आमटी, कुस्तीशौकीन हो! अशी आमटी पंचक्रोशीत होणे नाही! टाळ्या झाल्याच पाहिजेत!"

नात ईरानं टाळ्या वाजवल्या. मुलगा विश्वजित खूश होऊन हसला. सून केतकी म्हणाली, "आबा आज एकदम फॉर्मात आहेत." मग ईरानं स्वतः भुरका मारला आणि तोंड वेंगाडलं. "ई, आजी! यात मीठच नाही!"

पुन्हा हशा. विजयमाला मात्र हसली नाही. मीठ ती खरंच विसरली होती, त्याचं काही नाही, विसरतं माणूस. पण तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. गळा टाळ्या मागत होता, आणि डाव्या हाताचं बोट ताटाच्या वरच्या अंगाला, जिथं मीठ वाढायची रीत, तिथं टेकलं होतं.

'बोलतंय कोण मग हे?' तिच्या मनात आलं, आणि तो घास तिला काही गोड लागला नाही.

जयसिंगपूरच्या आसपास कुस्तीचं मैदान भरलं आणि रंगराव खोत निवेदनाला नाहीत, असं सहसा झालं नाही. हलगी कडाडायची आणि हा बाबा माइक हातात घेऊन सगळ्या मैदानाला बोटावर नाचवायचा. पैलवानाचं गाव, वस्ताद, आजा-पणजा सगळं तोंडपाठ. घरी आला की मात्र माणूस दुसराच. चार वाक्यांत दिवस काढायचा. "शब्द मैदानात सांडून येतात हे, घरी आणत न्हाईत," असं विजयमाला शेजारणींना सांगायची. त्यांचं अर्धं वाक्य तीच पुरं करायची. त्यांनी 'ते हे' म्हणावं, तिनं अडकित्ता हातात द्यावा. संसार असाच झाला आणि झकास झाला.

मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. तोंडातून मात्र 'हे... हे... ते...' यापुढे गाडी जाईना. सकाळी 'पाणी' म्हणायला जाऊन 'खिडकी' म्हणायचे आणि स्वतःवरच चिडून डोळ्यांत पाणी आणायचे.

म्हणून विश्वजितनं 'वाचासाथी' आणला. गळ्याभोवती मऊ पट्टा, कानामागे बटणाएवढी चकती. आणि आबांचा आवाज हवा म्हणून त्यानं यंत्राला गेल्या कित्येक वर्षांच्या मैदानांची रेकॉर्डिंगं पाजली. दुसरं होतं काय? घरात नवऱ्याचं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं? झालं असं, की मैदानातला रंगराव घरात येऊन बसला. अंघोळीचं पाणी काढलं तरी "काय ती पाण्याची धार!" ईरानं त्या पट्ट्याचं नाव ठेवलं आगाऊराव, कारण आजोबांनी तोंड उघडायच्या आत तो बोललेला असायचा.

आणि आता त्या आगाऊरावाला कायमचं आत घ्यायचं चाललं होतं. पुढच्या आठवड्यात मिरजेला ऑपरेशन. कवटीखाली बारीक तारांची जाळी बसवायची. मग पट्टा नको, चकती नको, शब्द मनात हलला की बाहेर. यात्रेच्या मैदानाला आबाच निवेदन करणार, असं विश्वजितनं कमिटीला सांगूनसुद्धा टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रंगरावांना घेऊन बिनड्रायव्हरच्या एसटीनं मिरजेला गेली. शेवटची तपासणी होती. वाचा-उपचाराच्या डॉक्टर नसीम मुजावर, शांत बाई, घाई न करणाऱ्या.

"डॉक्टर, एक विचारते, रागावू नका," विजयमाला म्हणाली. "हे यंत्र ह्यांच्या मनातलं बोलतं, का स्वतःच्या मनातलं?"

मुजावरबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "त्याला मन नाही, काकी. असं बघा. काकांचे शब्द हरवलेले नाहीत. गाव जागेवर आहे, रस्ता तेवढा खचलाय. काका शब्दाच्या दिशेनं निघाले की जिभेच्या, घशाच्या स्नायूंत आणि मेंदूत बारीक लहरी उठतात. पट्टा त्या पकडतो. त्यावरून त्याला दिशा कळते, मुक्काम कळत नाही. मग तो काकांच्या जुन्या बोलण्यात बघतो, की अशा वेळी हा माणूस बहुतेक काय म्हणायचा? ज्याची शक्यता सगळ्यात जास्त, तो शब्द बोलून मोकळा होतो."

"म्हणजे अंदाज."

"चांगला अंदाज. पुष्कळ लोकांचं आयुष्य त्यानं सावरलंय, हेही सांगते. पण आणखी एक गोष्ट आहे. माणूस शब्दासाठी धडपडतो, आडून आडून जातो, तेव्हा मेंदूत नवी पायवाट पडते. हळूहळू पडते, पण पडते. यंत्र दरवेळी आधीच बोललं, तर त्या वाटेनं कुणी जातच नाही. गवत माजतं."

"आणि जाळी बसवल्यावर?"

"मग काकांना मधे अडवायलाही वेळ मिळणार नाही. आणि ती काढता येत नाही. काढायला गेलं तर आहे तेही जाईल." बाई रंगरावांकडे वळल्या. "काका, तुम्हाला हे ऑपरेशन करायचंय?"

पट्टा गरजला, "होय होय! आम्ही तयार आहोत, कुस्तीशौकीन हो! होऊन जाऊ द्या!"

रंगरावांनी मान हलवली. आधी उभी, मग आडवी. डाव्या हातात त्यांनी विजयमालाचा पदर घट्ट धरला होता.

"कायद्यानं हा होकार चालतो," मुजावरबाई हळूच म्हणाल्या. "या आजारात मानेवरही भरवसा ठेवता येत नाही, होय-नाहीची अदलाबदल होते. पण काकी, मला तारीख पुढं ढकलायला काहीतरी कारण हवं. आणि ते काकांकडून हवं."

मैदानात या माणसानं उभ्या आयुष्यात कधी 'नको' म्हटलं नव्हतं. निवेदकानं म्हणायचंच नसतं. मग यंत्रात 'नको' येणार कुठून? दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना विजयमालाला हे कळलं, आणि तिचं डोकं तापलं. चाळीस वर्षं ज्याच्या ताटात मीठ किती हे न विचारता वाढलं, त्याच्या डोक्यात तार घालायची, आणि त्याला विचारायचंसुद्धा नाही? ते काही नाही. पट्ट्याला गप्प करून ह्यांच्या तोंडून काढायचंच, असं तिनं ठरवलं. पण पट्टा नुसता काढला की रंगराव भेदरायचे. सगळे तोंडाकडे बघत बसले की असलेला शब्दही पळायचा.

स्टँडच्या रस्त्यावर खेळांचं दुकान होतं. खोतांच्या घरात पूर्वी दर शनिवारी जेवणं झाली की सगळे सतरंजीवर बसून काहीतरी खेळायचे. पत्ते, लुडो, कधी कॅरम. आजारपणानंतर ते बंदच पडलं होतं. ती आत शिरली.

"अहाहा! काय ती दुकानाची शान!" पट्टा म्हणाला. काउंटरमागची तेजश्री नावाची मुलगी दचकली.

"त्याच्याकडं लक्ष देऊ नगंस, बाळ," विजयमाला म्हणाली. "शब्द ओळखायचा एखादा खेळ हाय का? घरात सगळ्यांनी मिळून खेळायचा."

तेजश्रीनं एकेक खोकं काढलं. पहिल्यात अक्षरं जुळवून शब्द लावायचे. रंगरावांना अक्षरं आता मुंग्यांसारखी पळताना दिसायची, तो खेळ बाद. दुसऱ्यात चित्र काढून दाखवायचं. उजवा हात लुळा, तोही बाद. तिसऱ्यात नुसते हावभाव, तोंड मिटून. "तोंड उघडायसाठीच तर चाललंय सगळं," म्हणून विजयमालानं तोही सरकवला.

मग मुलीनं वरच्या फळीवरून एक हिरवं खोकं काढलं. 'आडवाट'. पटावर वळणावळणाचा रस्ता, सोंगट्या, वाळूचं घड्याळ आणि पत्त्यांचा गठ्ठा.

"पत्त्यावर चित्र असतं, काकू. ही बघा छत्री. आपल्या जोडीदाराकडून हा शब्द ओळखून घ्यायचा. पण खाली चार शब्द लिहिलेत ना, पाऊस, भिजणे, उघडणे, काळी, ते बंद. छत्री म्हणायचं नाही आणि हेही म्हणायचे नाहीत."

"म्हणजे पटकन तोंडावर येईल ते बोलायचंच न्हाई?"

"नाहीच. पटकन तोंडात येणारेच शब्द छापलेत त्यांनी. बोललात की बाद."

विजयमाला पत्त्याकडे बघत राहिली. ज्याची शक्यता सगळ्यात जास्त, तो बोलून मोकळा होतो. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं. आणि हा खेळ म्हणत होता, नेमकं तेच बोलायचं नाही.

"हाच बांध," ती म्हणाली. "ह्यालाच धुंडत होते मी."

घरी मात्र विश्वजितचा पारा चढला.

"आई, शब्दांचा खेळ? आबांबरोबर? लंगड्या माणसाला शर्यतीत उभं करायचं का?"

"करायचं."

"त्यांना आधीच लाज वाटते. तू सगळ्यांसमोर..."

"सगळे म्हणजे कोण रे? आपणच की. आणि मिरजेला तारा घालताना लाज न्हाई वाटणार त्यांना? तिथं तर शुद्धीवर पण नसतील."

"आई, मला त्यांचा आवाज परत हवाय!" विश्वजित एकदम ओरडला, आणि मग खाली बघत म्हणाला, "लहानपणी स्टेजवर त्यांच्या पायाशी बसायचो मी. अख्खं मैदान त्यांच्या एका शब्दावर उठायचं. तो माणूस 'हे... ते...' करताना मला बघवत नाही."

विजयमालाला पोराची दया आली. पण दया आली म्हणून ती हटली नाही. "शनिवारी जेवणं झाली की बसायचं," ती म्हणाली. "एक डाव. मग तुला काय करायचं ते कर."

शनिवारी सतरंजी अंथरली. एकीकडे रंगराव आणि ईरा, दुसरीकडे विश्वजित आणि केतकी. विजयमाला पंच. तिच्या हातात स्टीलची वाटी आणि चमचा. बंद शब्द बोलला की टण्ण.

पहिला पत्ता रंगरावांचा. चहाचं चित्र. केतकीनं बंद शब्द मोठ्यानं वाचले: कप, दूध, साखर, पिणे. रंगरावांनी तोंड उघडलं.

"वा! काय तो वाफाळता कप..."

टण्ण.

दुसरा पत्ता, शाळा. "आदरणीय गुरुजी आणि..." टण्ण. तिसरा, बैल. "शेतकरी राजाचा..." टण्ण. चौथ्याला तर पट्ट्यानं बंद असलेले तीन शब्द एका दमात घेतले. विजयमालानं वाटी अशी बडवली की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"आजोबा, तुमच्या आगाऊरावाला गप्प करा ना!" ईरा रडकुंडीला आली. "आपण हरतोय!"

रंगरावांचं कपाळ घामेजलं होतं. विश्वजितनं आईकडे पाहिलं, 'झालं समाधान?' अशा नजरेनं.

मग त्याची पाळी आली. पत्ता होता लग्न. बंद शब्द: नवरा, नवरी, मंडप, अक्षता. विश्वजित ट्रॅक्टर विकायचा, बोलण्यात कुणाला हार जायचा नाही.

"सोपंय. दोन माणसं... अं... म्हणजे ते दोघं... एकमेकांना... हार... अं... ते नसतं का, आपलं हे..."

"निवडणूक?" केतकी म्हणाली.

"नाही गं! ते... हे... आपण नाही का केलं, ते... हे..."

"भांडण!"

आणि कुणीतरी हसलं. खालच्या आवाजात, धाप लागल्यासारखं. सगळ्यांनी वळून पाहिलं. रंगराव हसत होते. पट्ट्यातून नाही, स्वतःच्या छातीतून. मुलाकडे बोट दाखवत ते म्हणाले, "हे... ते... हे... ते!" आणि पुन्हा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. विश्वजित आधी ओशाळला. मग त्यालाही राहवेना.

हसणं ओसरलं तसा रंगरावांचा डावा हात मानेमागे गेला. पट्ट्याची कडी एका हातानं निघत नव्हती. ईरा मदतीला सरसावली.

"हात लावू नगंस," विजयमाला म्हणाली. "त्यांचं त्यांना करू दे."

बोटं घसरली, पुन्हा चाचपडली, आणि कडी निघाली. रंगरावांनी पट्टा पटाशेजारी ठेवला आणि पुढचा पत्ता ओढला.

विहीर. केतकीनं वाचलं: पाणी, पोहणे, दोर, खोल.

कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे पत्त्याकडे बघत होते, कारण काय बोलावं हा प्रश्न प्रत्येकालाच पडला होता.

"रान..." रंगराव म्हणाले. "रानात... गोल. गोल..." डाव्या बोटानं हवेत वर्तुळ काढलं. "बे... बे... बेडूक. उडी! धप्प!"

"विहीर!" ईरा किंचाळली. "विहीर, विहीर, विहीर!"

तिची सोंगटी पहिल्यांदा हलली. पुढचा पत्ता त्यांना जमला नाही, त्याच्या पुढचा जमला. आणि हे सगळ्यांनाच दिसत होतं, की या खेळात रंगराव घरातल्या कुणापेक्षा कच्चे नव्हते. बाकीचे आडवाटेला आजच लागले होते, रंगरावांचा मुक्कामच मुळी कित्येक महिने तिथं होता.

मग त्यांनी एक पत्ता उचलला आणि न बघताच पालथा ठेवला. पट्ट्यावर हात ठेवला. मग स्वतःच्या डोक्यावर. मग विश्वजितकडे पाहिलं.

विजयमाला पुढं सरकली. "ऑपरेशनचं म्हणताय? नको ना? नको असंच ना? सांगा, मी म्हटलंच होतं..."

रंगरावांनी सतरंजीवर जोरात थाप मारली. तिचं तोंड मिटलं.

केतकीनं सवयीनं वाळूचं घड्याळ उलटं केलं. रंगरावांनी ते हातात घेतलं, पडत्या वाळूकडे पाहिलं, आणि आडवं करून पटावर ठेवलं. वाळू थांबली.

"घड्याळ... न्हाई," ते म्हणाले. कपाळाची शीर तटतटली होती. "शि... शिट्टी. न्हाई. गुण... न्हाई." थांबले. खूप वेळ थांबले. विजयमालाच्या ओठांवर शब्द येऊन आदळत होते, तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. "माती. दोघं. एक... मी." छातीवर हात. मग तोच हात ओठांवर. "एक... हे. पडे... पडेपतोर. कितीबी... येळ."

"म्हणजे काय, आजोबा?" ईरानं विचारलं.

विश्वजितला मात्र लाल माती दिसत होती. स्टेजवर आबांच्या पायाशी बसलेला तो. मैदान उशिरापर्यंत रंगलेलं, दोन्ही पैलवान दमलेले, लोक ओरडतायत गुणांवर सोडवा, आणि आबा माइकवर सांगतायत की या मातीत घड्याळ लावायचं नाही, कुणीतरी चीतपट होईपर्यंत कुणी मधे पडायचं नाही.

"निकाली," तो म्हणाला. "निकाली कुस्ती. तुमची आणि शब्दाची. आणि मधे कुणी पडायचं नाही. यंत्रानं नाही, आम्ही नाही."

रंगराव गुडघ्यावर सरकले. पंच विजेत्याचा धरतो तसं त्यांनी पोराचं मनगट धरलं आणि हात उंच केला. विश्वजित रडायला लागला, आणि ईरानं आजीच्या हातातली वाटी घेऊन हलगीसारखी वाजवली.

"पण आबा, यात्रा कमिटीला काय सांगू?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

सगळे थांबले. वाळूचं घड्याळ अजून आडवंच होतं.

"येतो," रंगराव म्हणाले. "ब... बसतो. बघतो."

सोमवारी विश्वजितनंच मिरजेला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर मुजावरबाई म्हणाल्या, "हे कारण मला पुरतं. पट्टा टाकून देऊ नका, अडीअडचणीला, परक्या माणसाशी बोलायला राहू द्या. घरात मात्र त्यांना वाट तुडवू द्या." पट्टा कपाटात गेला.

सगळ्यात अवघड गेलं ते विजयमालाला. यंत्र गळ्यातून काढता येतं, चाळीस वर्षांची खोड कशी काढणार? रंगरावांनी 'ते' म्हटलं की तिची जीभ अजून वळवळायची. आगाऊराव एकटा पट्टाच नव्हता, हे तिचं तिला कळून चुकलं होतं आणि त्याचं वाईटही वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी जेवायला बसले. आमटीचा भुरका मारून रंगरावांनी वाटी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"मा..." ते म्हणाले. "मा... मि..."

माझं नाव घेतात की काय, असं तिला वाटलं. माला म्हणायचे कधीकाळी, लग्न नवं होतं तेव्हा. ईरा काहीतरी सुचवायला निघाली, तर विजयमालानं पळी उगारून तिला गप्प केलं. आमटी निवत होती. विश्वजितनं घास हातातच धरला होता.

"मि... मी... मीठ," रंगराव म्हणाले. "मीठ... न्हाई."

विजयमालानं आपली वाटी तोंडाला लावली. खरंच नव्हतं. खेळ मांडायच्या घाईत पुन्हा विसरली होती ती.

"न्हाईच की हो," ती म्हणाली. हसू आणि रडू एकदमच आलं. पदरानं डोळे पुसत ती मिठाची बरणी आणायला उठली.